घरातली दुसरी तार
(भारनियमनाच्या काळाचा एक दुर्लक्षित पुरावा)

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, ताम्रपट, बखरी, फार तर जुनी वर्तमानपत्रे डोळ्यांसमोर येतात. भिंतीवरून गेलेल्या विजेच्या तारेला साधन मानण्याची आपल्याला सवय नाही. पण महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातले किंवा मध्यम शहरातले, २००० ते २०१२ च्या दरम्यान नांदते असलेले घर नीट पाहावे. मूळ वायरिंगच्या शेजारून, नंतर घाईने ठोकलेल्या पट्टीतून आणखी एक तार गेलेली दिसते. ती दिवाणखान्यातल्या बोर्डात शिरते, तिथून झोपायच्या खोलीत जाते आणि बहुधा तिथेच थांबते. वायरमन तिला ‘इन्व्हर्टरची लाइन’ म्हणतात.

या दुसऱ्या तारेकडे मी कुतूहलाने पाहत आलो आहे. ती कुठून निघाली, कुठवर पोचली आणि कुठे पोचली नाही, यात त्या दशकाचा एक नकाशा आहे. राज्याच्या विजेच्या तुटीला तेव्हा तीन-चार वेगवेगळी उत्तरे पुढे आली होती. त्यांतले घरोघरच्या बॅटरीचे उत्तर टिकले, बाकीची विसरली गेली. आज संपूर्ण घर आपोआप बॅटरीवर घेणारी यंत्रे सहज मिळत असताना, हे उत्तर कसे जिंकले आणि त्याची किंमत कोणी दिली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

उलटा केलेला यंत्रधर्म

या यंत्राचे दोन भाग, आणि दोघांचे वय वेगवेगळे. बॅटरी थोरली. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. कामी फोर याने १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात करण्याजोगी झाली. आज आपल्या घरात ट्रॉलीवर बसलेली ‘ट्यूब्युलर’ बॅटरी त्याच घराण्यातली. लेप नळ्यांत कोंडल्यामुळे तो झडत नाही आणि रोजची भर-उतार ती वर्षानुवर्षे सोसते, एवढीच सुधारणा.

इन्व्हर्टर धाकटा. बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मिळतो. घरातले पंखे-दिवे मात्र सेकंदाला पन्नास आवर्तने घेणाऱ्या उलटसुलट प्रवाहासाठी बनलेले. उलटसुलट प्रवाह एकदिश करणारी ‘रेक्टिफायर’ यंत्रे आधीपासून होती. त्यांचे काम उलट्या दिशेने करून घेणारे ते इन्व्हर्टर. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या नियतकालिकात डेव्हिड प्रिन्स याने १९२५ मध्ये याच नावाचा लेख लिहिला, तेव्हापासून हा शब्द अभियंत्यांच्या भाषेत रुळला असे मानतात. तेव्हाची यंत्रे खोलीभर असत. १९५७ मध्ये थायरिस्टर आला, पुढे मोठा प्रवाह पेलणारे ट्रान्झिस्टर आले आणि खोलीभर यंत्र बुटांच्या खोक्याएवढे झाले.

भारतात हे खोके आधी दवाखाने, बँका, संगणकाच्या खोल्या आणि दुकानांत गेले. नव्वदच्या दशकात उत्तर भारतातल्या घरांत ते मोठ्या प्रमाणावर शिरले. महाराष्ट्रात घरांनी त्याची घाई केली नाही, कारण आपल्याला त्याची तेवढी गरज नव्हती. ही गोष्ट आज कोणाला सहसा आठवत नाही.

विजेच्या राज्यातली तूट

विजेच्या बाबतीत महाराष्ट्र स्वतःला भाग्यवान समजे आणि त्याला कारणे होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. २० जून १९६० रोजी, म्हणजे राज्य स्थापन होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. कोयनेची वीज साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाहू लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, वीजघर बंद पडले आणि थेट मुंबईचे कारखाने अडखळले. एका धरणावर किती भार टाकला आहे, हे तेव्हा लोकांना कळले.

पुढच्या तीन दशकांत कोराडी, नाशिक, परळी, भुसावळ, चंद्रपूर अशी कोळशावरची केंद्रे वाढत गेली. वीज जाई, पण ती ‘जाई’. फ्यूज उडाला, फांदी पडली, डीपी जळाली, म्हणून जाई. वेळापत्रकाप्रमाणे ‘घालवली’ जात नसे. हा फरक मोठा आहे. घरात एक कंदील, एक मेणबत्तीचे पाकीट आणि लग्नकार्यासाठी भाड्याची गॅसबत्ती, एवढी तयारी पुरत असे.

मग दाभोळ आले. पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज १९९९ मध्ये मिळू लागली. दर परवडेना म्हणून मंडळाने २००१ मध्ये ती घेणे थांबवले आणि त्याच वर्षाअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. दाभोळच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात इथे शिरत नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की, दाभोळ येणार म्हणून आणि मग दाभोळ बुडाले म्हणून, दोन्ही वेळा नवी मोठी केंद्रे उभारण्याचे काम मागे पडले. मागणी मात्र कोणासाठी थांबली नाही. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले, तेव्हा वारशात तूटही आली. पुढच्या काही वर्षांत ती ऐन मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात जाऊ लागली.

‘लोडशेडिंग’ हा शब्द तेव्हा घराघरांत आला. सरकारी मराठीत त्याला ‘भारनियमन’ म्हणतात. ‘नियमन’ म्हटले की एक शिस्त वाटते, पण लोकांनी तो शब्द कागदावरच ठेवला. वेळापत्रके वर्तमानपत्रांत छापून येत. पिठाची गिरणी, झेरॉक्सचे दुकान, नळाला पाणी येण्याची वेळ, दहावीचा अभ्यास, सारे त्या वेळापत्रकाला बांधले गेले. विद्युत नियामक आयोगाच्या संमतीने भागांचे अ, ब, क, ड असे गट पडले. ज्या भागात वितरणातली आणि वसुलीतली गळती जास्त, त्या भागात अंधाराचे तास जास्त. चोरी करणाऱ्याला चाप बसावा हा हेतू होता. पण फीडर बंद झाला की प्रामाणिकपणे बिल भरणारा आणि आकडा टाकणारा एकाच अंधारात बसत. शिक्षा माणसाला न होता पत्त्याला होत असे.

तीन उत्तरे

या अंधाराला महाराष्ट्राने दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले उत्तर गावाचे. महावितरणची ‘अक्षय प्रकाश योजना’ २००५ च्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून पुढे आली. कल्पना साधी होती. गावाने एकत्र बसून ठरवायचे की संध्याकाळच्या ठरावीक तासांत कोणी पाण्याची मोटर लावणार नाही, गिरणी चालवणार नाही, शेगडी-हीटर लावणार नाही. घरात फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही. गावाने शब्द पाळला तर वीजकंपनी दिवेलागणीला फीडर बंद करणार नाही. विजेची एकही नवी तार न ओढता, गावाने आपल्या गरजांचे दोन भाग केले : आत्ता लागणारे आणि थांबू शकणारे. पुढे घरगुती इन्व्हर्टर बसवताना वायरमन जे करणार होता, तेच इथे गावाने तोंडी कराराने केले होते. अर्थात सगळा करार शेजाऱ्याच्या शब्दावर उभा. एकाने रात्री चोरून मोटर लावली की गाव अंधारात.

हीच वाटणी तारेने करण्याचे मार्गही होते. पंपांना तीन फेज लागतात, दिव्याला एक पुरते. म्हणून भारनियमनाच्या वेळी एकच फेज चालू ठेवण्याची पद्धत आली. शेतकऱ्यांनी कपॅसिटर जोडून एका फेजवर मोटरी चालवायला सुरुवात केली. मग शेतीचे आणि गावठाणाचे फीडरच वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेले.

दुसरे उत्तर शहराचे. २००६ मध्ये उद्योगांच्या ‘सीआयआय’ या संघटनेने पुण्यासाठी एक प्रस्ताव मांडला आणि नियामक आयोगाने तो मान्य केला. पुण्यातल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी ते चालवायचे, स्वतःच्या वाट्याची वीज शहरासाठी सोडायची आणि डिझेलचा वाढीव खर्च शहरातल्या जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी अधिभार म्हणून द्यायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ही योजना गाजली. यात धूर होता, खर्च होता आणि ‘पैसे मोजणाऱ्या शहरालाच उजेड का’ हा रास्त प्रश्नही होता. तरी ते सामायिक उत्तर होते. सगळ्या शहराचे दिवे एकत्र राहिले आणि मोठ्या ग्राहकाने छोट्याचा भार उचलला.

मुंबईचे उत्तर याहून जुने. १९८१ पासून तिथे ‘आयलंडिंग’ची व्यवस्था आहे. बाहेरचे जाळे ढासळू लागले की शहर आपोआप त्यापासून सुटे व्हायचे आणि जवळच्या वीजकेंद्रांवर चालत राहायचे. ‘संपूर्ण घर आपोआप बॅकअपवर’ या आजच्या जाहिरातीचा हा शहराएवढा नमुना. म्हणूनच त्या दशकात मुंबईच्या घरांत इन्व्हर्टर जवळजवळ दिसत नव्हता आणि कल्याणच्या पुढे गेले की दिसत होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती व्यवस्थाही अपुरी पडली आणि मुंबई काही तास थांबली, तेव्हा लोकल गाड्यांत अडकलेल्या लोकांना उरलेल्या महाराष्ट्राचा अनुभव थोडासा आला.

तिसरे उत्तर घराचे. इन्व्हर्टर, बॅटरी, ट्रॉली आणि एक तार. यासाठी गावसभा नको, आयोगाची सुनावणी नको, शेजाऱ्याचा शब्द नको. इलेक्ट्रिकचा दुकानदार संध्याकाळी माणूस पाठवी आणि दोन तासांत काम होई. बाकीची उत्तरे का मागे पडली, याचे निम्मे स्पष्टीकरण या सोयीत आहे. उरलेले निम्मे त्याच्या हप्त्यांत.

आठशे वॅटची मर्यादा

आता घराच्या आत जाऊ. विजेचे जुने भारतीय मानक सांगत असे की दिवे-पंख्यांच्या एका सब-सर्किटवर फार तर १० पॉइंट असावेत आणि एकूण भार ८०० वॅटपर्यंत असावा. गिझर, इस्त्री, शेगडी यांच्यासाठी ‘पॉवर’चे सर्किट निराळे, जाड तारेचे, मोठ्या प्लगचे. त्यामुळे ‘लाइट’ आणि ‘पॉवर’ ही वाटणी आपल्या वायरिंगमध्ये सागवानी बॅटनवर कापडी वेष्टणाच्या तारा ठोकल्या जात त्या काळापासून मुरलेली होती. ती वाटणी केली तेव्हा फ्यूज आणि तारेची जाडी एवढाच विचार होता. पण घरगुती इन्व्हर्टर आला तो नेमका आठ-नऊशे व्हीएचा. जणू त्या ८०० वॅटसाठीच बेतलेला.

बसवण्याची रीत अशी. मुख्य वीज इन्व्हर्टरमध्ये येते. वीज असेल तोवर यंत्र तीच पुढे सोडते आणि बाजूला बॅटरी भरते. वीज गेली की आतला रिले सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात फिरतो आणि पुढच्या तारेला बॅटरीची वीज मिळते. प्रश्न उरतो तो ‘पुढची तार’ कोणती हा. ज्या घरात दिव्यांचे सर्किट खरोखर स्वतंत्र होते, तिथे ते अख्खे उचलून इन्व्हर्टरवर टाकता आले. पण बहुतेक घरांत वाढत्या गरजांबरोबर फेजची तार एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात फिरवत नेलेली. लाइट आणि पॉवर एकमेकांत गुंतलेले. तिथे प्रत्येक बोर्ड उघडून, निवडलेली बटणे मूळ फेजवरून सोडवून नव्या तारेला जोडावी लागली. ती ही दुसरी तार.

निवड करणे भागच होते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पावणेदोन युनिटच्या आसपास. बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते आणि यंत्रातही थोडे जाते. हाती येतात बाराशे वॅट-तास. त्या काळचा पंखा ७५ वॅटचा, ट्यूब चोकसकट ५५ वॅटची. दोन पंखे आणि दोन ट्यूब, २६० वॅट. म्हणजे साडेचार तास. भारनियमनाच्या एका फेरीला हे पुरे. तिसरा पंखा लावला की हिशेब कोसळे.

म्हणून प्रत्येक घराने एक यादी केली. कोणते दोन पंखे? कोणते दोन दिवे? मला पाहायला मिळालेल्या घरांत पहिला पंखा दिवाणखान्यातला, तिथे टीव्हीही. दुसरा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला किंवा परीक्षा देणाऱ्या मुलाच्या टेबलावरचा. स्वयंपाकघराला मिळाला तर एक दिवा. पंखा क्वचितच. मिक्सर तर यंत्राला झेपतच नसे, तो ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडे. यादी करताना कोणी कोणाला मुद्दाम वगळले असेल असे मला वाटत नाही. पण घरात उकाड्यात सर्वांत जास्त वेळ जी व्यक्ती उभी असते, तिच्यापर्यंत दुसरी तार पोचली नाही, हे भिंतीवर आजही वाचता येते. तेव्हाच्या कुटुंबाने आपल्या गरजांचा लावलेला क्रम एवढ्या प्रामाणिकपणे नोंदवणारे दुसरे दप्तर मला माहीत नाही.

न्यूट्रलचा गुंता

तारेच्या या कामात एक धोका लपलेला होता आणि तो घरापुरता नव्हता.

फेजची नवी तार ओढली, पण परतीची तार, न्यूट्रल, बहुधा जुनीच सामायिक ठेवली. स्वस्तात काम झाले. पुढे नव्या घरांत जीवरक्षक ‘आरसीसीबी’ आले. हे उपकरण फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला तरी वीज तोडते, कारण तो फरक एखाद्याच्या शरीरातून जमिनीत जात असू शकतो. इन्व्हर्टरच्या फेजने गेलेला प्रवाह दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलने परतू लागला की हिशेब जुळत नाही आणि उपकरण सारखे पडते. यावर योग्य उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या सर्किटांना स्वतःचा न्यूट्रल आणि स्वतःचे आरसीसीबी देणे. सोपा उपाय म्हणजे आरसीसीबीच काढून टाकणे. सोपे उपाय आपल्याकडे लवकर पसरतात.

याहून गंभीर दुसरी गफलत. जिन्यातल्या दिव्याला खाली-वर दोन बटणे असतात. खालचा बोर्ड मुख्य विजेवर आणि वरचा इन्व्हर्टरवर आला, तर बटणांच्या त्या जोडीत दोन फेज समोरासमोर येऊ शकतात. बोर्डातल्या एका चुकीच्या जोडाने दोन्ही एकमेकांना लागले, की वीज असताना इन्व्हर्टर जळतो. वीज नसताना त्याहून वाईट होते. बॅटरीची वीज मीटरमधून उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते.

बहुतेक वेळा शेजारच्या घरांचा भार अंगावर आल्याने इन्व्हर्टर लगेच बंद पडतो. पण दुरुस्तीसाठी लाइनमनने पुढची तार सोडवलेली असेल, तर भार उरत नाही आणि मेली समजलेली तार जिवंत राहते. हीच वीज उलटी डीपीत शिरली तर तिथे तिचे अकरा हजार व्होल्टच्या आसपास रूपांतर होऊ शकते, कारण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. म्हणूनच खांबावर चढण्याआधी परमिट घेणे, तार तपासणे आणि ती जमिनीशी जोडून ठेवणे हे नियम आहेत. जनरेटर किंवा इन्व्हर्टर जोडताना दोन्ही स्रोत एकाच वेळी तारेला लागूच शकणार नाहीत असा चेंजओव्हर हवा, तो याचसाठी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा असला तर उत्तम.

घर स्वतःच्या बॅटरीवर गेले की ते जगापासून सुटे झाले असे वाटते. पण ते सुटे करायला एक स्विच लागतो. तो स्विच नीट नसेल, तर आपल्या दिवाणखान्यातला उजेड खांबावरच्या माणसाच्या हातात उतरतो.

टंचाईत भर

एक हिशेब त्या काळात फारसा मांडला गेला नाही. बॅटरीत भरलेली वीज पूर्ण परत मिळत नाही. चार्जरमध्ये काही जाते, आम्लातल्या रासायनिक क्रियेत काही, पुन्हा उलटसुलट करताना काही. पंख्यापर्यंत एक युनिट पोचवायला जाळ्यातून दीडपट किंवा त्याहून जास्त घ्यावे लागते. आणि ते घेतले जाते कधी? वीज आल्या आल्या. एका घराचा चार्जर २०० वॅट घेतो असे धरले, तर दहा हजार घरांत वीज परतताच २ मेगावॉटची मागणी एकदम उभी राहते. टंचाई होती म्हणून इन्व्हर्टर आले आणि इन्व्हर्टरांनी टंचाईत थोडी भर घातली. ती भर ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नव्हता, त्यांच्या वाट्यालाही आली.

शिशाचा हिशेब आणखी वेगळा. दर चार-सहा वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. दुकानदार जुनी परत घेतो, कारण शिसे विकले जाते. ती परवानाधारक कारखान्यात गेली तर ठीक. एखाद्या शेडमध्ये फोडून भट्टीत वितळवली गेली, तर आम्ल ओढ्यात आणि धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२२ मध्ये नव्याने व अधिक व्यापक झाले. तरी आपली जुनी बॅटरी शेवटी कुठे गेली, हे सांगू शकणारा ग्राहक दुर्मीळ.

संपूर्ण घर

२०१२ च्या अखेरीपर्यंत राज्यात नवी क्षमता आली, बाहेरची वीज मिळू लागली आणि कमी गळतीच्या भागांतले नेहमीचे भारनियमन उठले. त्याच वर्षी ३० आणि ३१ जुलैला उत्तर व पूर्व भारताची जाळी कोसळून सुमारे साठ कोटी लोक अंधारात गेले होते. पश्चिमेचे जाळे टिकले. इन्व्हर्टर आता अडगळीत जाईल असे वाटण्याजोगा तो काळ. तो गेला नाही, उलट त्याने घर व्यापले.

याचे श्रेय बॅटरीपेक्षा दिव्यांना आणि पंख्यांना आहे. ५५ वॅटच्या ट्यूबइतका नसला तरी कामापुरता उजेड ९ वॅटचा एलईडी देऊ लागला. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेने तो स्वस्त केला. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा तीसेक वॅटवर फिरतो. पाच पंखे आणि आठ दिवे मिळून साधारण २३० वॅट. म्हणजे जी बॅटरी पूर्वी दोन खोल्या सांभाळत होती, तीच आता सारे घर सांभाळते, स्वयंपाकघरातल्या पंख्यासकट. यादी करण्याची गरजच संपली.

त्याबरोबर वायरिंगची दिशाही उलटली. पूर्वी काय जोडायचे ते निवडत, आता काय वगळायचे ते निवडतात. मीटरनंतरच्या मुख्य स्विचपासून दोन वाटा काढतात. एकीवर गिझर, एसी, पाण्याचा पंप, ओव्हन, म्हणजे थांबू शकणारे. दुसरी इन्व्हर्टरमधून जाते आणि तिच्यावर बाकी सारे घर, स्वतंत्र न्यूट्रल आणि स्वतंत्र आरसीसीबीसह. यंत्र बिघडले तर घर थेट विजेवर घेता यावे म्हणून बाजूला एक बायपास चेंजओव्हर. अक्षय प्रकाशच्या गावाने केलेली वाटणी डीबीच्या पेटीत अशी मावली. फरक एवढाच की आता कोणाला शब्द द्यावा लागत नाही.

यंत्र शांतही झाले. जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देई, पंखे गुणगुणत. त्या घरघरीवरून कळे की वीज गेली आहे, टीव्ही बंद करा, जास्तीचा दिवा मालवा. आजचा ‘साइन वेव्ह’ इन्व्हर्टर आवाज करत नाही. वीज गेलेली कळतच नाही.

छतावरच्या सौर पॅनेलने यात एक विचित्र वळण आणले आहे. २०१५ पासून राज्यात नेट मीटरिंगचे नियम आहेत आणि फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉट व त्यावरील घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण जाळ्याला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःही बंद होतो. भर दुपारी, डोक्यावर ऊन आणि पॅनेल असताना घरात पंखा फिरत नाही. ग्राहकाला हा अन्याय वाटतो. कारण तेच, खांबावरचा माणूस. पॅनेलची वीज बंद तारेत उतरू नये म्हणून ही सक्ती. वीज गेल्यावरही पॅनेल वापरायचे असेल तर घराला जाळ्यापासून सुटे करून मगच चालणारा ‘हायब्रीड’ इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. जिन्याच्या बटणातला जुना प्रश्न इथे यंत्राच्या आत सोडवलेला आहे.

‘आली!’

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. त्यांत वितरण कंपनीने चोवीस तास वीज द्यावी असे म्हटले आहे. शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोगाला कमी तास ठरवता येतात. एप्रिल २०२२ च्या दुरुस्तीत, डिझेल जनरेटर वापरणाऱ्या ग्राहकांनी पाच वर्षांत बॅटरीसह स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याचा प्रयत्न करावा, असेही आले. धूर जावा हे चांगलेच. पण दोन्ही नियम एकापाठोपाठ वाचले की गंमत कळते. चोवीस तास वीज हा हक्क आहे आणि ती गेल्यावर वापरायचे यंत्र बदलणे हे ग्राहकाचे काम.

भारनियमनाच्या काळात तक्रार करणारे, मोर्चे काढणारे, सुनावण्यांना हजर राहणारे लोक मुख्यतः मध्यमवर्गातले होते. त्यांच्याकडे लिहिण्या-बोलण्याची साधने होती. दुसऱ्या तारेने त्यांचा पंखा चालू ठेवला आणि तक्रारीचा कढ उतरवला. हे कोणी कट करून घडवले नाही. दहावीचे पोर घामाघूम होऊन अभ्यास करत असेल तर आईबापांनी नियामक आयोगाच्या निकालाची वाट पाहावी, असे कोण म्हणेल? प्रत्येक घराचा निर्णय बरोबर होता. सगळ्या बरोबर निर्णयांची बेरीज मात्र अशी झाली की, अंधाराचे वेळापत्रक ज्यांना अजून लागू होते, त्यांच्या बाजूने बोलणारे कमी झाले. शेतीपंपाला रात्री वीज मिळते म्हणून आजही शेतकरी विंचू-सापांच्या वाटेने मोटर लावायला जातो. त्या फीडरवर शहरातले घर नाही आणि त्या घराला आता वीज गेल्याचे ऐकूही येत नाही.

पूर्वी वीज परतली की चाळीतून, वाड्यातून, गल्लीतून एकच आवाज उठायचा : ‘आली!’ लहान मुले ओरडत, मोठी माणसे हसत. तो जल्लोष म्हणजे सगळी गल्ली एकाच फीडरवर आहे याची जाहीर कबुली होती. इन्व्हर्टरने तो आवाज बंद केला. बॅटरी काढून टाका, असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या घरी, शिकणाऱ्या मुलाच्या घरी ती हवीच, आणि सुरक्षित वायरिंगने हवी. पण डीबीच्या पेटीवर एक छोटा लाल दिवा मुद्दाम मुख्य विजेवर ठेवावा, असे मी वायरमनना सुचवत असतो. सारे घर उजळलेले असताना तो विझला, तर बाहेर वीज गेली आहे एवढे तरी आपल्याला कळेल.